पोटानं तपासलेली गाडी

माझं पोट हे आमच्या गॅरेजातलं सगळ्यात भरवशाचं अवजार आहे, असं बाबूजी चारचौघांत सांगत, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होई. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या पोटाबद्दल बापानं गिऱ्हाइकांसमोर बोलावं का? पण लाज नावाची चीज देवानं त्यांना द्यायचीच राहून गेली होती. गाडीचं काम झालं की ते मागच्या दाराकडे तोंड करून ओरडत, "शकू, जेवून घे पोटभर, गाडी पाह्याची आहे!" आणि गिऱ्हाईक चकित होऊन बघत राही, की गाडी पाहायची तर पोरीनं जेवायचं कायले? त्यांचा सिद्धांत असा, की उपाशी माणसाला गाडीचं झुकणं कळत नाही. पोट भरलेलं पाहिजे. वळणावर पोटातला भात हलला की गाडी नरम, आणि भात बाहेर आला की गाडी पार बेकार. माझं पोट लहानपणापासून नाजूक, एसटीत बसले तरी देवरी गाव यायच्या आत ओकारी ठरलेली. दुसऱ्या कोणी हे लपवलं असतं, पोरीचं लग्न व्हायचंय म्हणून. बाबूजींनी त्याचा धंदा केला.

आमचं घर गोंदियाजवळ फुलचूरला, गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत. मधे दार नव्हतं, गोणपाटाचा पडदा होता, आणि त्या पडद्यातून गॅरेज घरात येई. हातोड्याचे ठोके, पंपाची फुसफुस, रेडिओची खरखर, आणि या सगळ्यावर ग्रीसचा वास. भाकरीला ग्रीसचा वास, दुधाला ग्रीसचा वास, माझ्या वेणीलासुद्धा. बाबूजी रॉकेल आणि लाकडाच्या भुशानं हात घासून जेवायला बसत आणि काळ्या नखांनी भात कालवत. मला बघवत नसे. माय रोज म्हणायची, "अजी, हात तं धुवा!" आणि ते रोज म्हणायचे, "धुतले ना वं. हे मळ नोहे, लोखंड होय. लोखंड आंगाले लागते." मग बोटं चाटून पुसून जेवत. मायच्या हातची लाखोळीची डाळ, वांगं घालून केलेलं सुकट, अंबाडीची भाजी, सगळं कसं झणझणीत असायचं. पण ताटासमोर ती बोटं दिसली की माझा घास तोंडातच फिरायचा. आज त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, गॅरेज मी चालवलं, माझीही नखं तशीच काळी झाली. तरी कोणी बोटं चाटताना दिसलं की मी अजून तोंड फिरवते.

आणि दुसरा वास मिलचा. रस्त्याच्या पलीकडे सेठची राइस मिल होती, आणि आमच्या गॅरेजची जागाही त्यांचीच, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायचा म्हणजे धान आधी हौदात भिजत घालावं लागतं. तिथे ते दोन-तीन दिवस पडून राहतं, फसफसतं, आणि मग त्या पाण्याला जो वास सुटतो! शिळ्या आंबिलीत कुणी ओले मोजे बुडवून ठेवावेत, तसला आंबूस, उग्र, नाकातून थेट पोटात उतरणारा. वाऱ्यानं दिशा बदलली की माय ताट झाकायची. गोंदियात राहून या वासाला नावं ठेवणं म्हणजे बापाला नावं ठेवणं, असं लोक म्हणतात. मी दोघांनाही ठेवली.

तर त्या सेठचा पोरगा बबलूसेठ. अंगानं धिप्पाड, अकलेनं काटकुळा. त्यानं कुठल्याशा मोठ्या शहरात मोटारींची शर्यत पाहिली आणि एक छोटी लाल गाडी आणून आमच्या दारात उभी केली. "चाचा, इसको रेसवाली बना दो." मिलमध्ये नवी मशीन बसली होती, तिच्या पूजेला बाहेरगावचे व्यापारी यायचे होते, आणि त्यांच्यासमोर मिलच्या अंगणात गाडी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवून दाखवायची होती. मशीन तांदळाची आणि दाखवायची गाडी! पण बाबूजींना असली कामं म्हणजे मेजवानी. त्यांनी भंगारातल्या स्प्रिंगच्या पोलादाचे दोन स्वे बार तयार केले, एक पुढे, एक मागे. आम्ही त्याला दांडाच म्हणायचो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी वळली की एका अंगावर झुकते. हा दांडा गाडीच्या पोटाखालून डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत आडवा जातो, आणि गाडी झुकायला लागली की स्वतः पिळला जाऊन तिला सावरतो. त्याची दोन्ही टोकं कोपरासारखी वाकवलेली असतात. त्या टोकांना बाबूजींनी तीन-तीन भोकं पाडली होती, आणि चाकाकडून येणारी लिंक यातल्या एका भोकात नट-बोल्टनं आवळायची. वाकणाजवळचं पहिलं भोक, तिथे लावली की दांडा कडक. टोकाचं तिसरं, तिथे नरम. मधलं दुसरं. पुढचा दांडा फार कडक झाला तर गाडी वळायला नाही म्हणते, सरळच जाऊ बघते. मागचा फार कडक झाला तर मागची चाकं पकड सोडतात आणि शेपूट गर्रकन फिरते. एवढंच शास्त्र. आजकाल म्हणे गाडीत बसल्या जागी बटण दाबलं की हे होतं. होत असेल. आम्हाला मात्र प्रत्येक भोकासाठी पाठीवर पडून मातीत सरपटावं लागे.

बबलूसेठला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, म्हणजे त्याला येत होती असं त्याला वाटे. पहिल्याच दिवशी त्यानं ती मिलच्या गेटला घासली. मग मोठ्या सेठनी सुकलालला बोलावलं. सुकलाल सालेकशाकडच्या जंगलातल्या गावचा, तिशीचा, सडसडीत, कमी बोलणारा. तेंदूच्या हंगामात विडीच्या पानांचा ट्रक तो अशा घाटातून आणायचा की दुसरे ड्रायव्हर हात जोडत. मोठ्या सेठनी त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, पाहुण्यांसमोर गाडी नीट फिरली तर मिलवर पक्की नोकरी आणि मागच्या चाळीत एक खोली. नाहीतर आपल्या गावी. सुकलालला दोन पोरी. गावातली शाळा चौथीपर्यंत आणि मोठी पोरगी चौथीत. "खोली भेटली का तिले इथंच शाळेत टाकतो, बाई," असं तो मला रोज एकदा तरी सांगायचा. मी त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण तो मला बाई म्हणे आणि मी त्याला सुकलालभाऊ.

गाडी तपासायला पक्की, सपाट, मोठी जागा लागते, आणि तशी जागा आमच्याकडे एकच होती, मिलचं सिमेंटचं अंगण, जिथे उकडलेलं धान वाळत घालतात. रोज दुपारी मजूर बायका वाळणारं धान झाडूनं एका कडेला ओढायच्या, मी चुन्यानं मोठा गोल आखायची, आणि आम्ही त्या गोलावर फिरायला लागायचो. तासभरानं आम्ही गेलो की त्याच टायरच्या काळ्या रेघांवर, गळलेल्या ऑइलवर, त्या बायका धान पुन्हा पसरायच्या. मी एकीला म्हटलं, "बाई, पुसून तं घ्या!" ती हसली. "खानारे कुठचे कुठं राहतेत. त्याईले का समजते?" त्या दिवसापासून उसना तांदूळ मी तोंडात घातलेला नाही. कोणी आग्रह केला तर सरळ सांगते, मी त्याच्यावरून गाडी फिरवली आहे.

तपासायची रीत बाबूजींनी मात्र चोख ठेवली होती, ते श्रेय मी त्यांना देते, आणखी कुठलं नाही. एका वेळी एकच भोक बदलायचं. वेग तोच, पस्तीस. गोल तोच. दोन फेऱ्या उजवीकडून, दोन डावीकडून. लिंक आवळताना सुकलाल सीटवर बसलेलाच पाहिजे, कारण माणसाच्या वजनानं गाडी एका बाजूला दबते आणि रिकाम्या गाडीत आवळलेला दांडा आधीच पिळलेला राहतो. बिचारा फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसून राही. आणि मी त्याच्या शेजारी, पोटभर भात-डाळ खाऊन, मांडीवर वही, हातात पेन्सिल. पुढचं तिसरं, मागचं तिसरं: ओकारी, दुसऱ्याच फेरीत. पुढचं पहिलं, मागचं तिसरं: गाडी गोलाच्या बाहेर पळते. पुढचं दुसरं, मागचं पहिलं: शेपूट सुटली, सुकलालभाऊनं सावरली, मी दाराबाहेर वाकून सगळी लाखोळीची डाळ सिमेंटवर. शी! लिहितानाही मला मळमळतंय. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, बाबूजी आनंदानं टाळ्या पिटत होते, "पाहा, पोटानं बरोबर सांगतलं!" आणि सुकलालनं आपल्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "हे भोक नाई पाहिजे, बाई," तो म्हणाला. "मागून कोनी ढकलल्यासारखं वाटते. मी सावरली, पन रोज नाई सावरनार." मी ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहिलं.

चौथ्या दिवशी पुढचं दुसरं, मागचं दुसरं. आणि काय सांगू! गाडी गोलावर अशी बसली की चुन्याची रेघ पुसली नाही. पोटातला भात जागचा हलला नाही. डावीकडून तशी, उजवीकडून तशी. आठाच्या आकड्यात मधे दिशा बदलताना गाडी एकदा हळूच मान डोलवायची आणि पुन्हा ताठ. सुकलाल पहिल्यांदा दात दाखवून हसला. "आता कोनी बी चालवन," तो म्हणाला. मी वहीत लिहिलं, पुढे दोन, मागे दोन, हात लावू नये, आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या चार दिवसांत, ओकाऱ्या धरूनही, मला वाटलं होतं की हे काम मला येतं. असं वाटणं मला नवीन होतं.

पूजेच्या दिवशी सकाळी मी मिलच्या अंगणात चुन्याचे दोन गोल आखत होते. गाडी बाबूजी घेऊन येणार होते. मंडप, खुर्च्या, पाहुण्यांना बुंदी आणि आलुबोंडे. हौद काठोकाठ भरलेले, त्यात तिसऱ्या दिवसाचं धान, आणि त्याच वाऱ्याला बसून ती सगळी माणसं कशी खात होती देव जाणे. सुकलाल धुतलेला पांढरा शर्ट घालून आला होता. बाबूजींनी गाडी आणली, किल्ली त्याला दिली. तो म्हणाला, "एक चक्कर मारून पाहू का जी?" बबलूसेठ मधेच खेकसला, "अरे, मेहमान बैठे हैं! सीधा चालू कर." मी बाबूजींकडे पाहिलं. ते पाहुण्यांच्या चपला मोजत असल्यासारखे खाली बघत होते. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

उजवीकडच्या दोन फेऱ्या झाल्या. मला लांबूनच वाटलं की मागचं चाक घसरतंय. मग आठाच्या मध्यावर सुकलालनं दिशा बदलली आणि गाडीची शेपूट सुटली. त्यानं स्टेअरिंग उलटं फिरवलं, मी पाहिलं, एकदम बरोबर फिरवलं, पण सिमेंटवर बारीक कोंडा होता आणि समोर हौद. गाडी मागच्या अंगानं हौदाच्या भिंतीवर आदळली. भिंत फुटली आणि तीन दिवसांचं ते आंबलेलं, फेसाळलेलं पाणी धानासकट फुटक्या काचेतून गाडीत कोसळलं. सुकलाल बाहेर आला तेव्हा नखशिखांत भिजलेला होता. केसांत धान, शर्ट पिवळा. सुदैवानं कुठे लागलं नव्हतं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले.

बबलूसेठनं त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. "पीके आया है साला! महुआ पीके आया है! सूंघो इसको!" आणि कोणीतरी खरंच वाकून हुंगलं आणि मान हलवली. अरे, तुमच्याच हौदाचा वास तो! रोज तुमच्या नाकाखाली येणारा! पण जंगलातला माणूस आणि आंबूस वास, झालं, हिशेब जुळला. सुकलाल म्हणत राहिला, "नाई जी, पोरीची शपत, मी पेतच नाई." मोठ्या सेठनी बाबूजींना विचारलं, "आपको क्या लगता है?" आणि माझा बाप, हात जोडून, काय म्हणाला? "वास तं येऊन राहिला, सेठजी." बस, एवढंच. खोटं एक अक्षर नाही. त्या वाक्याची मला आजही त्या पाण्याहून जास्त किळस येते. मग सेठ माझ्याकडे वळले. "बेटी, गाड़ी तूने जाँची थी. ठीक थी?" मी वही उघडून दाखवली. मागचा दांडा दुसऱ्या भोकात होता, गाडी ठीक होती, असं मी सांगितलं. मला तेव्हा तेच खरं वाटत होतं.

गाडी ओढत गॅरेजात आणली. मी पाठीवर पडून खाली शिरले, आणि पाहिलं. मागच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या लिंका पहिल्या भोकात होत्या. नटावर पान्याच्या ताज्या चकचकीत खुणा. मी तशीच पडून राहिले, अंगावर ते घाण पाणी ठिबकत होतं. बाबूजी शेजारी उकिडवे बसले. "सकाळी बबलूसेठ आला होता," ते हळूच म्हणाले. "त्याले शेपूट फिरवून दाखवाची होती. म्हने, लोक टाळ्या वाजवतेत." मी विचारलं, "सुकलालभाऊले सांगतलं काऊन नाई?" ते म्हणाले, "सांगतलं असतं तं त्यानं चालवली असती का?" मग पाना माझ्याकडे सरकवला. "दुसऱ्यात लाव. सेठचा मानूस पाहाले येऊन राहिला. ही जागा त्याची आहे, शकू. तुह्या मायले घेऊन मी कुठं जाऊ?"

मी लावल्या. कोणी माझा हात धरून लावून घेतलं नाही. आधी डावी, मग उजवी, नट नीट आवळले, खुणांवर ग्रीस फासलं. सेठचा माणूस आला, वाकून बघून गेला. संध्याकाळी मायनं बाबूजींच्या आवडीचं सुकट केलं होतं, आणि ते दोन वेळा भात मागून, बोटं चाटत जेवले. "तू काऊन नाई जेवत वं?" मायनं मला विचारलं. मी म्हटलं, पोट बरं नाही. माय मला ओळखून होती. तिनं एकदा बाबूजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि माझं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी मिलवर गेले होते आणि गॅरेजात मी एकटीच होते. सुकलाल आला. खांद्याला पिशवी, अंगात तोच शर्ट, धुतलेला, पण पिवळेपणा गेला नव्हता. मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो दारातच उभा राहिला. "बाई, एकच गोष्ट पुसाची होती. रातभर झोप नाई आली. गाडी मले मागून ढकलून राहिली होती, त्या दिवशी तुले ओकारी आली होती ना, तशीच. मागचा दांडा कोनत्या भोकात होता? तू सांगशीन तेच मी मानतो."

पान्यावर माझा हात होता. मी म्हटलं, "दुसऱ्या."

त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं. मग त्यानं मान हलवली. "मंग माह्याच हात चुकला, बाई. तू लिहून ठेवते, तुह्यं चुकत नाई. मले आपलं वाटत होतं का मी बरोबर धरली होती." मग म्हणाला, "आता नाई धरत मी स्टेरिंग. काल हौदावर गेली, उद्या कोनाच्या लेकराइवर गेली तं?" पिशवी सारखी करून तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. सालेकशाच्या गाडीला अजून तास होता आणि तो हळूहळू चालत होता. कोपऱ्यापर्यंत मला दिसत होता. मी हाक मारली नाही.